सात पायऱ्यांमागे अडकलेला मृदंगम

मुलांनो, डोळे मिटा असं मी सांगणार नाही. मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा, की तुम्ही एक निरोप आहात. वजन नाही, रंग नाही, पायात चपला नाहीत. भिंतीवरच्या राउटरमधून, म्हणजे दोन शिंगांच्या एका काळ्या पेटीतून, तुम्ही बाहेर उडी मारली आहे. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप आहे, त्यात तुम्हाला शिरायचं आहे. अंतर काही फार नाही. एखादं झुरळ मनात आणील तर एका दमात जाईल. तुम्ही निघता, आणि समोर पत्र्याची भिंत. उजवीकडे सरकता, पत्रा. डावीकडे सरकता, पत्रा. वर चढावं म्हणता, तर वर लखलखणारे शंभर दिवे आणि त्यांच्यामागे दहा अवतार ओळीने उभे.

ही भिंत कोणी बांधली म्हणाल, तर माझ्या बायकोने.

आमच्या श्रीरंगममध्ये नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात. पायऱ्या करायच्या, त्यांवर बाहुल्या बसवायच्या आणि संध्याकाळी आल्यागेल्याला सुंडल खायला घालायची, म्हणजे उकडलेले चणे खोबरं घालून. पायऱ्या कशाच्या, हे कोणी विचारत नाही, कारण वरून पांढरं धोतर पसरलेलं असतं. धोतर माझं. खाली पद्मासनीच्या लग्नातल्या लोखंडी ट्रंका, तांदळाचे डबे, तेलाचे रिकामे डबे आणि घरात जेवढा म्हणून पत्रा असेल तेवढा. यंदा तिने सात पायऱ्या केल्या आणि त्या नेमक्या राउटरसमोर केल्या, कारण ती पूर्वेकडची भिंत. एकदा कलश बसला की दशमीच्या रात्रीपर्यंत कोलूला हात लावायचा नाही. घराला आग लागली तर आधी मला बाहेर काढतील आणि कोलूला दशमीनंतर.

आता अडचण काय झाली ते सांगतो. माझी नात कोदै दहा वर्षांची आहे आणि आमच्याकडेच राहते. तिला मृदंगम शिकायचा होता. शिकायचा होता म्हणजे काय, ती वाजवतच होती. शाळेच्या बाकावर, कुकरच्या झाकणावर, मी पालथा झोपलो असेन तर माझ्या पाठीवर. तिने स्वतःच गुरू शोधल्या. जगदंबाळ टीचर, वय ऐंशीच्या पुढे, सध्या मुलाकडे जमशेदपूरला. गुडघ्यांनी संप केल्यामुळे त्या लॅपटॉपवरून शिकवतात. नवा शिष्य वर्षातून एकदाच घेतात, विजयादशमीच्या सकाळी, आणि तोही एकच. यंदा कोदैची पाळी लागली होती. अट एवढीच, की बोटाची प्रत्येक थाप त्यांना स्वच्छ ऐकू आली पाहिजे. चित्र थिजलं किंवा आवाज फाटला, तर पुढच्या दशमीला भेटू.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने, उमयाळने, आमची चाचणी घेतली. कोदै रेशमी परकर नेसून बसली. चित्र आलं, थिजलं, आणि आवाज विहिरीतल्या बेडकासारखा डुचमळत येऊन बंद पडला. उमयाळ गोड स्वभावाची. तिने फोनवर निरोप दिला, “दशमीच्या आत तेवढं बघून घ्या हं, मामा. अत्तै या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत.” अत्तै म्हणजे सासूबाई.

कोदैने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसून राहिली. ज्या मुलीचे हात झोपेतही थांबत नाहीत, तिने ते असे दाबून धरलेले पाहिले, आणि त्या क्षणापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

तुम्ही हुशार आहात, म्हणून विचाराल, फोनवरून का नाही? आमच्या घरात फोनला फक्त बाल्कनीत ऐकू येतं, तेही तुळशीच्या कुंडीवर एक पाय ठेवला तर. मृदंगम मांडी घालून वाजवतात. शेजारी का नाही गेलात? तर विद्येचा आरंभ आपल्या घरात, आपल्या दिव्यासमोर व्हायला हवा, असं पद्मासनीचं म्हणणं. तिच्या म्हणण्याला आमच्या घरात दुसरी बाजू नसते.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक होतो. या गावातले निम्मे लोक माझ्याकडून प्रकाश, उष्णता आणि लहरी शिकून गेले आहेत. आजही ते रस्त्यात मला ‘सौंदर सर’ म्हणून वाकून नमस्कार करतात. अशा माणसाच्या घरात लहर पोचत नाही, हे बाहेर जाऊ नये म्हणून मी जपत होतो. ते संध्याकाळपर्यंत बाहेर गेलं. नवरात्रात रोज वीस बायका सुंडल खायला येतात. गुपित ठेवण्याचा हा मोसमच नव्हे.

सर्वांत आधी खालच्या मजल्यावरचे चेल्लप्पा आले. आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, त्यामुळे सिग्नल हा शब्द कुठेही उच्चारला की त्यांना बोलावल्यासारखं वाटतं. त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला आणि मान डोलावली. पहारेकरी ठीक आहेत, म्हणाले.

हे पहारेकरी कोण? लॅपटॉपच्या दारावर एक प्रोग्राम बसवतात, त्याला फायरवॉल म्हणतात. आत येणाऱ्या प्रत्येक निरोपाला तो विचारतो, कोण तू, कुठून आलास, कोणी पाठवलं? हा लॅपटॉप माझ्या जावयाचा जुना. त्यात असा एक पहारेकरी होताच. जूनमध्ये चेल्लप्पांनी दुसरा बसवून दिला. एक झोपला तर, असं त्यांचं रेल्वेचं तर्कशास्त्र होतं. आमच्या मंदिराच्या दारावरही दोन द्वारपाल आहेत, जय आणि विजय, पण ते एकमेकांना ओळखतात. हे दोघे ओळखत नव्हते. साध्या बातम्या, पत्रं त्यांनी कशीबशी आत सोडली असती; पण चित्र आणि आवाज बरोबर घेऊन कोणी पाहुणा आला, की पहिला दुसऱ्याला चोर समजे, दुसरा पहिल्याला, आणि दोघांच्या झटापटीत पाहुणा उंबऱ्यावरच घुसमटे.

हा दोष मी ओळखला, बरं का. तिसऱ्याच दिवशी ओळखला. चेल्लप्पांचं लक्ष नाही असं पाहून मी त्यांचा पहारेकरी काढून टाकला आणि होसूरला माझ्या मेहुण्याला, संपतला, चाचणीसाठी बोलावलं. तो पडद्यावर आला आणि थिजला. तिकडून फोनवर म्हणाला, “अत्तिंबेर,” म्हणजे बहिणीचा नवरा, “तुमचं तोंड उघडंच राहिलंय. आतली दाढ दिसतेय. काढून घ्या ती.”

म्हणजे पहारेकरी निर्दोष. मी त्याला सन्मानाने परत बसवला.

मग मी अंतराचा विचार केला. राउटर कोलूच्या मागे, लॅपटॉप पुढे. कोलू हलणार नाही, पण मी हलू शकतो. भिंत आणि पायऱ्या यांच्यामध्ये माझा एक खांदा मावत होता. तेवढा घुसवून, लॅपटॉप ताटासारखा तळहातावर धरून, मी तो मागे सरकवला. लहरींच्या सगळ्या काड्या भरल्या. संपतला पुन्हा बोलावलं. पुन्हा तसंच. या वेळी माझा कान थिजला होता, असं त्याने कळवलं. म्हणजे अंतरही निर्दोष. खांदा परत मिळवायला मात्र पद्मासनीला खोबरेल तेल आणावं लागलं. ते लावताना ती एवढंच म्हणाली, की एकही बाहुली पडली असती तर हा खांदा तिथेच राहिला असता.

आता दोन्ही संशयित सुटले होते आणि शेजारी मोकळे होते. चेल्लप्पांनी शोधून काढलं, की इमारतीतले सगळे राउटर एकाच वाटेवर गर्दी करतात. आपला रूळ बदला. रूळ बदलला. समोरच्या कल्पकम मामींचा मायक्रोवेव्ह लहरी बिघडवतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्यांना विनंती केली, की आमच्या चाचणीच्या वेळी काही गरम करू नका. मामी म्हणाल्या, “सर, तुमच्या नातीसाठी मी गार सांबारसुद्धा खाईन. पण आमच्याकडच्यांना तुम्ही समजावून सांगा.” त्यांच्याकडचे गृहस्थ नंतर तीन दिवस माझ्याकडे न पाहता जिना उतरत होते. कोणी सांगितलं, राउटरमागे चांदीचा कागद लावा. कोणी सांगितलं, लॅपटॉप उत्तरेकडे तोंड करून ठेवा. मी कोलूचे दिवे विझवले, पंखा बंद केला, फ्रीज बंद केला. लोणी वितळलं. हे सगळं एकाच दुपारी, एकदम.

इथे एक मिनिट थांबा. मी वर्गात आयुष्यभर काय शिकवलं? प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत असे आणि ते पुसणाऱ्याला पायताणाची नव्हे तरी डस्टरची धूळ चाखवत असे. तोच मी आता फ्रीज, पंखा, मामींचं सांबार आणि उत्तर दिशा एकत्र बदलून घामाघूम बसलो होतो. बसलो तरी कुठे, फिरतच होतो. दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, तिथून बाल्कनी, कुंडीवर पाय, परत. पद्मासनी पाहुण्या बायकांना सांगे, की त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, यंदा आमच्या कोलूत चालणारी बाहुली आहे. त्यात एक टोमणाही होता. दरवर्षी कोलूत एक तरी नवी बाहुली बसवावी लागते. यंदा ती आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि बाहुल्यांच्या बाजारात जायचं मी लॅपटॉपच्या नादात विसरलो होतो. चौथ्या पायरीवरची रिकामी जागा ती मला रोज दाखवत असे. शब्द न बोलता, नुसती धूळ पुसून.

शेवटी मी इंटरनेट कंपनीकडे तक्रार केली. फोनवरच्या मुलीने मला लॅपटॉप घेऊन राउटरच्या समोर उभं राहायला सांगितलं. मी कोलूचं कारण सांगितलं. ती मदुरैची असावी; तिला ते लगेच पटलं. पण तिच्या यंत्राला पटलं नाही. ‘ग्राहक सहकार्य करत नाही’ असा शेरा पडून तक्रार बंद झाली. मी पुन्हा केली. पुन्हा बंद झाली. सहकार्य न करणारा असा शिक्का माझ्यावर शाळेतही कधी पडला नव्हता. तिसऱ्या वेळी मी असा आवाज लावला, की त्यांनी घरी माणूस पाठवायचं कबूल केलं.

तो आला नवमीला. नवमीला आमच्याकडे आयुधपूजा. त्या दिवशी सुताराची करवत, डॉक्टरांची नळी, रिक्षावाल्याची रिक्षा, सगळ्यांना गंध-कुंकू लावून पूजेत ठेवतात, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी कशाला हात लावत नाही. पिच्चुमणी नावाचा हा भला माणूस स्वच्छ शर्ट घालून, कपाळावर विभूती लावून, दोन रिकाम्या हातांनी दारात उभा राहिला. हत्यारं ऑफिसात पूजेला बसली होती. मग आलात कशाला, असं मी जरा तिखटच विचारलं. तो म्हणाला, “सर, यायचं आजच होतं. करायचं उद्या असेल. पण उद्या मला सुट्टी आहे.”

त्याने हात मागे बांधून कोलू पाहिला. छान आहे म्हणाला, सुंडल खाल्ली, पद्मासनीला दुसऱ्यांदा वाढावं लागलं, आणि गेला. थोड्याच वेळाने फोनवर निरोप आला, की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे, कृपया तारे द्या. मी एक तारा दिला. लहर नसल्यामुळे तोही पोचला नाही.

आणि मग पद्मासनीने लॅपटॉप उचलला, त्याला गंध लावलं, मधोमध कुंकवाचा टिळा लावला आणि सरस्वतीसमोर पुस्तकांच्या चळतीवर ठेवून दिला. कोदैचा मृदंगमही शेजारी ठेवला. उद्या सकाळच्या पूजेपर्यंत यांना शिवायचं नाही.

मुलांना हा दिवस फार आवडतो, कारण अभ्यास करणं हेच त्या दिवशी पाप असतं. मला मात्र तो दिवस सोसेना. सकाळी नऊला जगदंबाळ टीचर पडद्यावर येणार, आणि लॅपटॉप समोर टिळा लावून बसलेला, सासरी निघालेल्या नवरीसारखा. मी त्याच्याभोवती फिरत होतो. कोदै जमिनीवर पोटावर झोपून कोलूकडे पाहत होती. पहिल्या पायरीपुढे तिने मोहरी पेरून हिरवंगार गवत उगवलं होतं, त्यात आरशाचं तळं, मातीच्या गाई, एक खेडं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “तात्ता, दिवा गेलाय आणि वायरही तुटलीय, असं एकदम झालं तर?”

तिला गप्प कर असं माझं मन म्हणत होतं. पण शिक्षकाची सवय जात नाही. मी म्हणालो, “मग नवा दिवा लावला तरी उजेड पडणार नाही.”

“मग आपल्याला वाटेल, की दिवा चांगलाच होता. आणि आपण जुना परत लावू. मग वायर जोडू. तरी उजेड नाही.”

“नाही.”

“मग आपण म्हणू, वायरही चांगलीच होती.”

मी फिरायचा थांबलो. नवरात्रात पहिल्यांदाच. पहारेकरी काढला तेव्हा लॅपटॉप पत्र्याच्या पुढे होता. पत्र्याच्या मागे गेलो तेव्हा पहारेकरी परत आला होता. दोन चोरांना मी एकेक करून पकडलं होतं आणि दुसरा मोकळा आहे म्हणून पहिल्याला सोडून दिलं होतं.

“आणि तात्ता,” कोदै तिसऱ्या पायरीकडे बोट दाखवत म्हणाली, “तो तुमचा बिस्किटांचा डबा ना?”

होता. धोतराच्या कडेखालून त्याचं निळं झाकण डोकावत होतं. दरवर्षी मी मुलांना एक प्रयोग दाखवत असे: गाणारा ट्रान्झिस्टर त्या डब्यात ठेवायचा आणि झाकण लावायचं. गाणं बंद. पत्र्यातून लहर जात नाही, मुलांनो. कोदैने तो प्रयोग इतक्यांदा पाहिला होता, की झाकण लावायचा मान तिचाच असे. त्याच डब्यावर या घडीला मत्स्यावतार बसला होता.

मी पद्मासनीकडे पाहिलं. तिने मी काही बोलायच्या आधीच सांगितलं, कोलू हलणार नाही.

विजयादशमीच्या सकाळी पूजा झाली. लॅपटॉप सुटला. मी चेल्लप्पांचा पहारेकरी काढायला बसलो. त्याने विचारलं, नक्की काढायचं का? मी म्हणालो, नक्की. त्याने विचारलं, आम्ही कुठे कमी पडलो? मी खोटं कारण दिलं. मग त्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायला लावला, आणि पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहिलं. घड्याळ नऊकडे चाललं होतं. चेल्लप्पा दारात उभे होते, कल्पकम मामी त्यांच्यामागे, आणि मामींकडचे गृहस्थही, मायक्रोवेव्ह बंद ठेवून.

चक्र थांबलं आणि मी हाक मारली, पण कोदै जागेवर नव्हती.

एवढ्यात कोलू थरथरला. अगदी थोडा. चेट्टियार दुकानदाराची बाहुली मान डोलवते, ती आपणहून मान डोलवू लागली. पद्मासनीच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. धोतराच्या आत, दोन ट्रंकांच्या फटीतून, काहीतरी सरपटत पुढे येत होतं. मग सर्वांत खालच्या पायरीचं धोतर वर झालं आणि आतून एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत कोळ्याच्या जाळ्यांनी माखलेला. त्या हातात राउटर होता. वायर जेमतेम पुरली. हाताने चाचपून राउटर मोहरीच्या गवतात उभा केला, गाई जरा बाजूला सारल्या, शिंगं वर केली. खेड्याला मनोरा मिळाला.

त्यामागून कोदैचं डोकं आलं.

“मी सांगितलं होतं ना, कोलू हलवायचा नाही?” पद्मासनीचा आवाज खाली गेला होता, आणि तो तसा गेला की मी बाल्कनीत जातो.

“हलवला नाही, पाट्टी,” कोदै म्हणाली. “नवी बाहुली ठेवली.”

पद्मासनीने राउटरकडे पाहिलं. चौथ्या पायरीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ. मग ती खाली वाकली आणि दोन शिंगांच्या मधोमध कुंकवाचा टिळा लावला. “केस विंचर,” ती नातीला म्हणाली. “गुरूपुढे अशी बसणार आहेस?”

केस विंचरायला वेळ नव्हता. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची, मोठ्या चष्म्याची म्हातारी हलली. नुसती दिसली नाही, हलली. तिने कोदैकडे पाहिलं, डोक्यावरच्या जाळ्यांकडे पाहिलं, आणि मागच्या गर्दीकडे पाहून विचारलं, “एवढे सगळे शिकणार आहेत?”

“नाही टीचर. मी एकटीच.”

“हात दाखव. दोन्ही बाजूंनी.” त्यांनी ते हात बराच वेळ पाहिले. “धुऊन ये. मग उजव्या हाताने फक्त एक थाप. एकच.”

कोदैने हात धुतले, मृदंगमसमोर बसली आणि थाप मारली. जमशेदपूरला जगदंबाळ टीचरांनी डोळे मिटले आणि मान किंचित तिरकी केली. “हं,” त्या म्हणाल्या. “आता माझ्यामागून. त. धी. तोम्. नम्.”

चेल्लप्पा डोळे पुसत होते. आपल्या पहारेकऱ्याची हकालपट्टी झाली, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

रात्री कोलूची आरती झाली. दशमीच्या रात्री सगळ्या बाहुल्यांच्या वतीने एका बाहुलीला निजवतात, म्हणजे कोलू संपला आणि दुसऱ्या दिवशी आवरायला मोकळीक. पद्मासनीने लाकडी राजाराणीतल्या राजाला अलगद आडवं केलं. त्या वेळी मी पलीकडच्या कोपऱ्यात लॅपटॉपवर संपतला सगळी हकिकत सांगत होतो. चित्र आरशासारखं स्वच्छ. लहरींचं शास्त्र काय असतं, संशयाचं निराकरण टप्प्याटप्प्याने कसं करावं, आणि मला अगदी पहिल्या दिवसापासून कशाची शंका होती, हे मी त्याला समजावत होतो. “खरं सांगायचं तर,” मी म्हणालो, “हे कोडं सोडवलं ते...”

आणि संपत थिजला. क्षणभराने दिसेनासाच झाला. होसूरच्या पडद्यावर माझं तोंड पुन्हा उघडं राहिलं असणार, दाढेसकट.

मी वळून पाहिलं. कोदै मोहरीच्या गवताशी बसली होती. तिने राउटरचं बटण बंद केलं होतं, त्याची दोन्ही शिंगं मिटली होती, त्याला गाईंच्या शेजारी कुशीवर निजवून वर आपला हातरुमाल पांघरला होता, आणि दोन बोटांनी, अगदी हळू, ती त्याला थोपटत होती: त, धी, तोम्, नम्.